गरीवरची जिवंत बोय

वाशीमच्या आठवडी बाजारात खाऱ्या पाण्यातला मासा येतो तो बहुतेक वाळूनच. सुकट आणि बोंबील, पोत्यातून काढून मापाने दिलेले. अलीकडे बर्फाच्या पेटीत बांगडा आणि सुरमईही दिसते, पण आमच्या भागातल्या घरात मासा म्हणजे मरळ, रोहू, कटला. समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून दूर. अशा जिल्ह्यात वाढलेली मी उर्दू शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले ती थेट रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळच्या खाडीकाठी असलेल्या एका लहान गावात. विदर्भ-मराठवाड्यातले कितीतरी उर्दू शिक्षक कोकणात नोकरी करतात आणि आंतरजिल्हा बदलीची वाट पाहतात. मी नऊ वर्षे पाहिली. त्या नऊ वर्षांत मी मुलांना जे शिकवले ते शिकवलेच, पण जे शिकले त्यातला एक भाग माशांचा आहे, आणि त्याच भागातला एक प्रश्न बदलीच्या सामानाबरोबर आमच्या घरी वाशीमला आला.

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात फळ्यावर मी एक मासा काढला आणि विचारले, हे काय आहे? वाशीममध्ये चाळीस मुले एका आवाजात ‘मछली’ म्हणाली असती. तिथे मुले गप्प. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘‘टीचर, कोणता?’’ त्यांच्या घरात उर्दू नव्हे, कोकणी बोलतात, आणि त्या कोकणीत ‘मासा’ हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. बोय आली, मुडदुशी मिळाली, तांबोशी लागली, असेच म्हणतात. माझे उर्दू ऐकून मुले अदबीने मान डोलवत, पण गावात समजून घ्यायला आणि समजावून सांगायला मला माझी मराठीच जास्त उपयोगी पडली.

मासे ओळखायला मला शेजारच्या खालांनी शिकवले. त्या स्वतः खाडीवर जात नसत. त्यांचे मिस्टर, ज्यांना माझा मुलगा चाचा म्हणे, ते होडी घेऊन जात आणि घरी आलेल्या टोपलीसमोर खाला बसत. त्यांची पद्धत सोपी होती. एक मासा उचलायचा, माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचे, ‘‘सांगा मास्तरीण, हा कोण?’’

बोय आणि मुडदुशी यांच्यात नव्या माणसाचा हमखास घोटाळा होतो. दोन्ही लांबट, दोन्ही चंदेरी, दोन्ही खाडीच्या तोंडाशी सापडणारे. बोयीचे डोके वरून चपटे आणि रुंद, तोंड लहान, अंग गोल दांडक्यासारखे. पाठीवर दोन छोटे पंख असतात आणि त्यांच्यात चांगले अंतर असते. पुढच्या पंखात चारच काटे. खाला तो पंख बोटाने उभा करून दाखवत आणि काटे मोजायला लावत. मुडदुशीचे तोंड पुढे निमुळते, रंग वाळूचा, आणि पाठीवरचा दुसरा पंख लांबलचक, जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला. बोय चिखलातले बारीकसारीक खाते आणि पाण्याबाहेर उड्या मारते. मुडदुशी वाळूत अंग लपवते. खालांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक वेगळाच होता. मुडदुशी पाहुण्यांसाठी, बोय घरच्यांसाठी, आणि बोटभर बोय गरीसाठी.

तिसरा मासा ओळखणे त्याहून महत्त्वाचे. जिताड्याचे पिल्लू. मोठा जिताडा कोणीही ओळखेल. डोक्यापाशी खोलगट उतार, पुढे आलेला खालचा जबडा, गोल शेपूट, अंधारात चमकणारा डोळा. पण त्याचे पिल्लू तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचे असते आणि कपाळावरून मागे एक पांढुरका पट्टा जातो. पागात बोयींबरोबर ते येते. चाचा ते उचलून परत पाण्यात टाकत. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो, हे मी पुस्तकात वाचून त्यांना सांगितले तेव्हा ते हसले. त्यांना नर-मादीचे हे गणित ठाऊक नव्हते, पण पिल्लू मारले तर पुढे मोठा मिळणार नाही, एवढे पक्के ठाऊक होते.

आणि काही मासे ओळखायचे ते हात लावू नये म्हणून. शिंगटीच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांनी आमच्या शाळेतल्या एका मुलाचा तळहात असा सुजला की त्याला आठवडाभर पेन धरता येईना. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की त्या विषाची कळ उतरते, हे तिथल्या प्रत्येक आईला माहीत असते. डॉक्टरकडे जायचे तेही त्यानंतर. केंड नावाचा फुगणारा मासा तर कितीही शिजवला तरी त्याचे विष जात नाही. तो जाळ्यात आला की सरळ बाहेर.

हे सगळे सांगायचे कारण, माझा मुलगा याच अंगणात मोठा झाला. दुसरीत असल्यापासून तो चाचांबरोबर धक्क्यावर ‘गरवायला’ जाई. कोकणात गळ टाकून मासे धरण्याला गरवणे म्हणतात आणि गळाला गरी. जिताडा आणि तांबोशी हे शिकारी मासे. मेलेल्या आमिषाकडे ते क्वचितच येतात, असे चाचांचे म्हणणे. म्हणून आधी पाग टाकून लहान बोयी धरायच्या, भोके पाडलेल्या डब्यात घालून तो डबा पाण्यातच बांधून ठेवायचा, म्हणजे त्या ताज्यातवान्या राहतात. भरतीचे पाणी चढू लागले की एक बोय काढायची आणि वरच्या ओठातून किंवा पाठीच्या पंखामागून, कण्याला न लागेल अशी, गरीत ओवायची. कण्याला लागली तर ती लगेच मरते आणि उपयोग संपतो. ओवलेली बोय पाण्यात धडपडते. माशांच्या दोन्ही अंगांना पाण्यातली बारीक थरथर टिपणारी एक रेघ असते. गढूळ पाण्यात, काळोखातही जिताड्याला ती धडपड कळते आणि तो येतो.

मी दोन-चारदा पाहिले. तिसऱ्यांदा मी धक्क्यावरून उठून घरी आले. चाचांना काही बोलले नाही. उधाणाच्या चार दिवसांत एखादा मोठा जिताडा लागला तर त्यांच्या घरचे महिन्याचे किराणा सामान निघे. पगारी माणसाने पोटासाठी खाडीवर जाणाऱ्याला दयेचे धडे देणे मला शोभले नसते.

पण घरात प्रश्न आला तेव्हा गप्प राहता येईना. आम्ही हनफी, गाव शाफई. ताटातल्या माशांवरून आमच्यात रोजच गमतीचे वाद होत. हनफी मतानुसार पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल. शाफई मतात समुद्रातच राहणाऱ्या जिवांना बरीच मोकळीक आहे. त्यामुळे खाला तिसऱ्यांचे सुके वाटीत घालून आणत आणि मी वाटी परत देताना त्यात शिरखुर्मा घाली. कोळंबीवर तर आमच्याच उलेमांत दोन मते आहेत. मौलाना अशरफ अली थानवी तिला मासाच मानून हलाल म्हणतात. इतर काहींनी तिच्यापासून दूर राहणे बरे म्हटले आहे. म्हणजे मासा ओळखणे ही नुसती कोळ्यांची विद्या नाही, ती फिकहचीही बाब आहे. आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगणारा मासा हनफी खात नाहीत, शाफई खातात. चाचा मला चिडवत, ‘‘तुमचा मासा मरायच्या आधी वुजू करतो का?’’

गरीवरच्या जिवंत आमिषाबद्दल मात्र दोन्हीकडच्या जाणत्यांत फारसे अंतर नाही, हे मला नंतर कळले. वाशीमला आल्यावर कळले.

बदली होऊन आलो तेव्हा मुलगा आठवीत होता. खाडी सुटल्याने तो पहिले सहा महिने घरात रुसून बसला. मग त्याला एकबुर्जीचा तलाव सापडला, शहराला पाणी पुरवतो तो. तिथून पुढे पैनगंगेचे डोह, कारंजाकडे आत्याच्या घरी गेला की अडाणचे धरण. इथे खारा मासा नाही, पण मरळ आहे, आणि मरळ म्हणजे गोड्या पाण्यातला जिताडाच म्हणायचा. तसाच शिकारी, तसाच हलत्या गोष्टीवर झडप घालणारा. मरळ वर येऊन हवा घेतो, म्हणून आटत्या डबक्याच्या चिखलातही तग धरतो. आमच्याकडे गळवाले त्याच्यासाठी काय लावतात? जिवंत बेडूक. नाहीतर बोटभर जिवंत मासोळी. मुलाने पहिल्याच रविवारी बरणीत तीन बेडक्या आणल्या आणि ओट्यावर ठेवल्या.

मी म्हणाले, ‘‘या सोडून ये.’’

‘‘अम्मी, चाचा बोय लावायचे तेव्हा तुम्ही काही म्हणाला नाहीत.’’

हे खरे होते. त्याच्यापुढचे त्याचे बोलणे अधिक अवघड होते. तो म्हणाला, मासा तर आपण जबह करत नाही. तो पाण्याबाहेर तडफडूनच मरतो आणि तरी हलाल आहे. मग गरीवरच्या माशाच्या तडफडीत वेगळे काय?

पंधरा वर्षांच्या मुलाला ‘नाही म्हणजे नाही’ असे सांगता येते, पण मी शिक्षिका आहे, मला ते जमत नाही. आम्ही दोघे मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेलो. त्यांनी मुलाला समोर बसवले, चहा दिला, आणि मला वाटले होते तसे ‘मकरूह आहे’ एवढे सांगून उठवले नाही.

त्यांनी आधी अल्लाहची परवानगी सांगितली. सूरह फातिरच्या बाराव्या आयतीत गोड आणि खारे अशा दोन्ही पाण्यांचा उल्लेख आहे आणि दोन्हींतून ताजे मांस मिळते असे म्हटले आहे. म्हणजे बोय काय आणि मरळ काय, दोन्ही त्याचीच देणगी. शिकारही जायज, गळही जायज. मग त्यांनी बुखारी आणि मुस्लिममधली हजरत इब्ने उमर (रजि.) यांची हकिकत सांगितली. काही तरुणांनी एक पक्षी बांधून ठेवला होता आणि त्याच्यावर नेम धरून बाण मारत होते. इब्ने उमर येताना दिसताच ते पांगले. जिवंत प्राण्याला निशाणा बनवणाऱ्याचा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धिक्कार केला आहे, हे इब्ने उमर यांनी तिथेच ऐकवले. आणि सहीह मुस्लिममधली दुसरी हदीस, जबह करतानाही सुरी धारदार ठेवावी आणि जनावराला आराम द्यावा, अशी.

‘‘मासा पाण्याबाहेर काढला की मरतो,’’ मौलाना म्हणाले, ‘‘ते तुला खाण्यासाठी दिलेल्या परवानगीचा भाग आहे. तेवढे झाल्याशिवाय तुला तो मिळणारच नाही. पण गरीत ओवलेल्या माशाला तू खाण्यासाठी मारत नाहीस. त्याने जास्तीत जास्त वेळ तडफडावे, हेच तुझे काम. तो लवकर मेला तर तुला वाईट वाटते. हा फरक पाहा.’’

कण्याला न लागेल अशी बोय ओवायची, हे चाचांचे वाक्य मला त्याच क्षणी आठवले. मुलालाही आठवले असावे. तो खाली पाहत होता.

आमिष मारून लावले तर हरकत नाही, जिवंत ओवणे टाळावे, असेच आपल्याकडच्या हनफी उलेमांनी लिहिले आहे, हे त्यांनी सांगितले. बेडकाबद्दल तर आणखी स्पष्ट आहे. एका वैद्याने औषधात बेडूक घालण्याविषयी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) बेडूक मारण्यास मनाई केली, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. याच आधारावर इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी बेडकाने मासे धरणे नापसंत केले, असे इब्ने कुदामा यांच्या ‘अल-मुग्नी’त नोंदले आहे. बगदादच्या इमामांना दजला नदीवरच्या गळवाल्यांनी बाराशे वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न विचारला असेल का, असा विचार माझ्या मनात आला. आमच्या ओट्यावरची बरणी मग मला तेवढी एकटी वाटेना.

‘‘आणि ज्याचे पोट त्यावर आहे त्याने?’’ मुलाने विचारले. चाचांचे नाव त्याने घेतले नाही. मौलाना थोडा वेळ थांबून म्हणाले की दुसरा मार्गच नसेल तर काही आलिमांनी सवलत दिली आहे, आणि दुसऱ्याच्या गरजेचे माप आपण काढू नये. ‘‘तुझे पोट गळावर नाही. तू तुझे बघ.’’

घरी येऊन मी माझ्या परीने आणखी वाचले, कारण वर्गात असे प्रश्न आले की मुलांना विज्ञानाकडूनही उत्तर हवे असते. माशाला वेदना कळतात का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेच. 2003 साली स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत ट्राउट माशांवर काम झाले. त्यात त्यांच्या ओठांभोवती इजा टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोके आढळली, आणि ओठात त्रासदायक द्रव्य टोचल्यावर माशांनी खाणे थांबवून तोंड तळातल्या खड्यांवर घासले. काही तज्ज्ञ म्हणतात याला माणसासारखी वेदना म्हणू नये. न म्हणू देत. ओठ तोच, ज्यातून आपण गरी ओवतो. जर्मनी, नेदरलंड्स आणि स्कॉटलंडमध्ये जिवंत मासा गळाला लावायला कायद्याने बंदी आहे. आपल्या देशातही तंगड्यांसाठी बेडूक मारून परदेशी पाठवणे 1987 पासून बंद आहे, कारण बेडूक गेले की शेतातले किडे वाढतात हे उशिरा का होईना लक्षात आले. सोयाबीन आणि तुरीच्या आपल्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको.

एक व्यवहाराची गोष्टही आहे, जी फतव्यात नाही. एका तळ्यातल्या जिवंत मासोळ्या बादलीत घालून दुसऱ्या तळ्यावर न्यायच्या आणि उरलेल्या तिथेच ओतून यायचे, ही सर्रास सवय आहे. चिलापीसारखा परका मासा असाच कुठल्या कुठे पोहोचतो आणि मग तळे लिलावाने घेणाऱ्या भोई बांधवांनी सोडलेल्या रोहू-कटल्याच्या बीजाच्या वाट्याचे खातो. हौस आपली, नुकसान त्यांचे. म्हणून बादलीतली मासोळी नीट ओळखता येत नसेल तर ती दुसऱ्या पाण्यात जाऊच नये.

मुलाने बेडक्या सोडल्या. पण त्याने मासे धरणे सोडावे असे मला कधीच वाटले नव्हते, आणि त्याने सोडलेही नाही. पहिले काही रविवार त्याने कणकेच्या गोळ्या लावल्या. रोहू आला, मरळ ढुंकूनही पाहीना. मग मेलेली मासोळी लावून ती दोरी हळूहळू ओढत आणायची युक्ती त्याने काढली, म्हणजे मेलेली पोहते असे वाटावे. त्यावर दोनदा झडप आली, दोन्ही वेळा मासा सुटला. शेवटी ईदीच्या पैशांतून त्याने रबरी बेडूक मागवला. पोटाखाली दोन गऱ्या, मागे झिरमिळ्या, पाण्यावर टुणटुण उड्या मारत येणारा. दिसायला इतका खरा की माझ्या सासूबाईंनी तो दप्तरात पाहून हाक मारली.

त्या बेडकावर त्याला श्रावणात मरळ लागला. सव्वा किलोचा. आणताना तो फार खूश होता, पण मी आधी विचारले, कुठे लागला? कारण मरळ पिल्ले सांभाळतो. पाण्यावर केशरी पिल्लांचा झुलता घोळका दिसला की खाली आई-बाप असतात, आणि गळवाले नेमके तिथेच टाकतात, कारण पिल्लांच्या रक्षणासाठी ते कशावरही तुटून पडतात. तो म्हणाला, ‘‘घोळका नव्हता, अम्मी. मी आधी पाहिले.’’ त्याला विचारावे लागले नसते तरी त्याने पाहिले असते, असे मला वाटते. जिताड्याचे पिल्लू परत टाकणाऱ्या माणसाजवळ तो शिकला आहे.

मरळाचा फोटो त्याने चाचांना पाठवला. चाचांचा फोन आला. त्यांना आधी रबरी बेडकाची किंमत हवी होती. ती ऐकून ते म्हणाले, ‘‘एवढ्यात माझ्या शंभर गऱ्या येतात.’’ मग मौलानांचे बोलणे मुलाने त्यांना सांगितले, माझ्यासमोरच, न अडखळता. मला धाकधूक वाटत होती. पलीकडे बराच वेळ शांतता होती. नंतर चाचा म्हणाले की खाडीतला जिताडा रबराला भुलत नाही, त्यांनी करून पाहिले आहे, आणि बोय मारून लावली तर रात्र फुकट जाते. ‘‘तरी या उधाणाला दोन गऱ्या मेलेल्या बोयींच्या लावून बघतो. लागला तर सांगीन, नाही लागला तरी सांगीन.’’

त्या उधाणाला मेलेल्या बोयीवर तांबोशी लागली, जिताडा नाही. तांबोशी अडीच किलोची होती. खालांनी तिचे कालवण केले आणि वाटी पाठवता येत नाही म्हणून फोटो पाठवला. आता चाचा दोन प्रकारच्या गऱ्या टाकतात, काही तशा, काही अशा, आणि कोणत्या गरीवर काय लागले ते मुलाला दर भरतीला कळवतात. तो ते वहीत लिहून ठेवतो.